फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर कसं निवडावं: माटोळीपासून छापील अल्बमपर्यंत

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीचा, एक रॉ फोटो घेतला आणि चार वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक उघडला. कशालाही हात लावला नाही, नुसता उघडला. एकात केळ्यांचा घड पिवळाधमक, दुसऱ्यात तोच हिरवट. तिसऱ्यात सगळंच मलूल, आभाळ भरून आल्यासारखं. चौथ्यात सुपारीच्या घोसातली एकेक सुपारी सुटी दिसत होती, पण मागची पांढरी भिंत निळी झाली होती. कॅमेरा एक, लेन्स एक, फाइल एक.

याचं कारण कळलं की निवडीचं निम्मं काम सोपं होतं. रॉ फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला, त्याची ती नोंदवही आहे. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. त्या आकड्यांना कोणता रंग द्यायचा, सावली किती गडद ठेवायची, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या रीतीने ठरवतं. म्हणून पहिल्यांदा उघडल्यावर जे डोळ्यांना गोड वाटलं ते चांगलं, हा हिशेब फसवा आहे. थोडे स्लाइडर हलवले की चौघांकडूनही जवळपास सारखी माटोळी मिळते. ती किती वेळात मिळते, आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडलं तर केलेलं काम आपल्या हातात राहतं का, हे दोन प्रश्न मला सगळ्यांत मोठे वाटतात. पुढचं सगळं त्या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

मी फोंडा तालुक्यात म्हार्दोळला राहते. लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं, अधूनमधून एखाद्या हॉटेलच्या जेवणाचे फोटो, असं माझं काम. तुमचं काम वेगळं असेल, पण निवडण्याची रीत तीच राहील.

पहिली पायरी: आपलं काम कागदावर मांडा

एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव घेण्याआधी एका कामाचा माग काढा. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढलं तिथपासून फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत काय काय होतं, ते ओळीने लिहा: कार्डावरून कॉपी, निवड, नावं आणि टॅग, रंग-प्रकाशाची दुरुस्ती, बारीक रिटचिंग, छपाईसाठी किंवा फोनसाठी फाइल काढणं, बॅकअप. प्रत्येकापुढे लागलेला वेळ घड्याळात बघून मांडा. अंदाजाने लिहू नका, अंदाज नेहमी चुकतो.

माझ्याकडे एका लग्नाचे साधारण १,५०० फोटो येतात. प्रत्येक फोटो ठेवायचा की टाकायचा हे ठरवायला २ सेकंद धरले तरी ५० मिनिटं जातात. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो पडद्यावर स्पष्ट आणायला आणखी ३ सेकंद खात असेल, तर त्यात ७५ मिनिटांची भर पडते, आणि तीही नुसतं गोल फिरणारं चक्र बघण्यात. हा कागद भरल्यावर मला कळलं की माझा सगळ्यांत जास्त वेळ एडिटिंगमध्ये जातच नव्हता, निवडीत जात होता. ज्या गोष्टीसाठी मी सॉफ्टवेअरांची तुलना करत बसले होते, ती माझी अडचणच नव्हती.

कागद भरताना दोन जातींची सॉफ्टवेअर वेगळी करून ठेवा. एक जात पिक्सेलवर काम करणारी: फोटोशॉप, गिंप, अ‍ॅफिनिटी. एकच फोटो घेऊन त्यातली विजेची तार पुसणं, दोन फोटो जोडणं, अल्बमचं पान बांधणं हे त्यांचं काम. फोटोशॉप १९९० चं. तेव्हा लोक एका वेळी एकच स्कॅन केलेला फोटो उघडत. डिजिटल कॅमेऱ्यांनी एका दिवसात हजारो फोटो आणून ओतले, तेव्हा दुसऱ्या जातीची गरज पडली. २००७ मध्ये आलेलं लाइटरूम त्या जातीचं. ही सॉफ्टवेअर मूळ फाइलला धक्का लावत नाहीत. ‘एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर, सावल्या थोड्या उघड्या’ अशा सूचना वेगळ्या लिहून ठेवतात आणि फाइल बाहेर काढताना त्या लागू करतात. बहुतेक फोटोग्राफरांना रोज दुसरी जात लागते आणि कधीतरी पहिली. फोटोशॉप शिकायचं म्हणून सुरुवात करणारे पुष्कळ जण तिथेच अडकतात, कारण हजार फोटो एकेक करून उघडणं कुणालाच झेपत नाही.

दुसरी पायरी: आपले दहा अवघड फोटो काढून ठेवा

जाहिरातीतला नमुना फोटो मुळातच चांगल्या उजेडात काढलेला असतो. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चांगलंच दिसतं. तुमच्या संग्रहातले सर्वांत त्रास दिलेले दहा रॉ फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. त्यातले काही माझे सांगते, म्हणजे काय तपासायचं ते कळेल.

माटोळी पहिली. एका बाजूने खिडकीतला पावसाळी उजेड, वर ट्यूबलाइट, समोर समई. तीन दिवे, तीन रंगांचे. एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) लावला तर समईजवळचं सगळं केशरी होतं किंवा खिडकीकडचं निळं. इथे बघायचं असं: खिडकीकडच्या भागावर मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, त्याचंच रंगाचं तापमान बदलता येतं का? मास्कची कड नारळाच्या झावळीवर नीट बसते का? आणि हे सगळं करायला किती क्लिक लागतात? कवंडळ या रानफळाचा तांबडा-केशरी रंगही बघा. पुष्कळदा तो इतका भडकतो की फळाची गोलाई जाते आणि नुसता ठिपका उरतो.

दुसरा, जत्रेतल्या नाटकाचा. हल्ली गावोगावच्या रंगमंचावर एलईडी दिवे आले आहेत, आणि निळ्या एलईडीसारखा त्रास दुसरा नाही. त्याचा प्रकाश रंगाच्या फार अरुंद पट्ट्यात येतो. कॅमेऱ्याचा निळा चॅनेल भरून वाहतो, तांबडा आणि हिरवा जवळजवळ रिकामे राहतात. नटाचा चेहरा म्हणजे सपाट निळा डाग, नाक-डोळे कुठेच नाहीत. हा फोटो उघडून आधी कॅमेरा प्रोफाइल (रॉचे आकडे कोणत्या रंगांत वाचायचे त्याची कृती) बदलून बघा. लाइटरूममध्ये नेहमीच्या प्रोफाइलऐवजी न्यूट्रल घेतला आणि निळ्याची गडदता उतरवली की चेहऱ्याला उठाव परत येऊ लागतो. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन या मॉड्यूलमध्ये गॅमट कम्प्रेशनचा, म्हणजे हाताबाहेर गेलेले रंग आवरण्याचा, स्लाइडर आहे, तो नेमका यासाठीच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा चेहरा पाच मिनिटांत परत मिळत नाही, ते नाटकाचे फोटो काढणाऱ्याच्या कामाचं नाही.

तिसरा, नवरीचा, केसांत आबोलीचा वळेसर (गजरा) असलेला. आबोलीचा रंग ना तांबडा ना पिवळा, आणि कॅमेरे त्याला हमखास तांबड्याकडे ढकलतात. एकदा नवरीची आई अल्बम बघता बघता थांबली आणि म्हणाली, ‘अगो, ही आबोली कसली, ही तर दासवण दिसते!’ दासवण म्हणजे जास्वंद. त्यांचं बरोबर होतं. मी आबोली पिवळ्याकडे सरकवायला गेले तर नवरीची त्वचाही पिवळी पडली, कारण दोन्ही रंग शेजारी-शेजारी राहतात. म्हणून तपासा: नारिंगी रंगाचा किती अरुंद तुकडा वेगळा पकडता येतो? कॅप्चर वनचा कलर एडिटर इथे मला सगळ्यांत हळुवार वाटला. त्यात त्वचेच्या रंगासाठी वेगळा भाग आहे, हळद लागलेला गाल आणि न लागलेली मान एकमेकांजवळ आणायला तो फार उपयोगी पडतो. शिवाय आपल्याकडच्या चिऱ्याच्या अंगणात, तांबड्या जमिनीवरून उसळलेलं ऊन हनुवटीखाली तांबूस छटा टाकतं. तीही याच फोटोत दिसेल.

चौथा, आमच्या महालसेच्या देवळातल्या जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेचा. सगळीकडे पांढरी फुलं, मागे गाभाऱ्याचा अंधार. हायलाइट (सर्वांत उजळ भाग) खाली आणल्यावर पाकळ्यांच्या कडा परत येतात की करड्या रंगाचा लेप होतो, ते १०० टक्के मोठं करून बघा.

पाचवा, शिरगावच्या लईराईच्या जत्रेतला, होमकुंडाच्या उजेडातला धोंड, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. आयएसओ ६४०० किंवा त्याच्याही वर. अंधारातला दाणा (फोटोवर येणारे रवाळ ठिपके) काढताना मोगऱ्याच्या माळेतल्या कळ्या विरघळता कामा नयेत. डीएक्सओ फोटोलॅबचं डीपप्राइम आणि २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं एआय डीनॉइझ, दोन्ही या कामात खरोखर चांगली आहेत. दोन्हींना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जाऊ शकतात. निखाऱ्यांचा तांबडा रंग शिगेला पोचून पिवळा-पांढरा होतो का, हेही बघा.

बाकीचे पटकन सांगते. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ रुंद लेन्सने खालून काढलेला, उभ्या रेषा सरळ होतात का ते बघायला. मोरजीचा सूर्यास्त, आभाळात पट्टे पडतात का ते बघायला. पावसाळ्यातलं भातशेत, कारण आपला हिरवा रंग बहुतेक प्रोफाइल विषारी पिवळा करून ठेवतात. चोडणच्या सलीम अली अभयारण्यातला खंड्या, खूप क्रॉप केलेला. आणि दहावा म्हणजे एक फोटो नव्हे, एकाच मुहूर्तावर काढलेल्या २०० फोटोंचा गठ्ठा. एकावर केलेली दुरुस्ती बाकीच्या १९९ वर किती सहज उतरते, हे लग्नाच्या कामात सगळ्यांत महत्त्वाचं.

तिसरी पायरी: संगणक आणि पडदा

१६ जीबी रॅम आणि एसएसडी याच्या खाली हल्लीच्या सॉफ्टवेअरची मजा येत नाही. एआयची साधनं रोज वापरायची असतील तर ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्या. यूपीएस हवाच. पण पैसे मोजके असतील तर आधी पडद्यावर खर्च करा. एसआरजीबी (पडद्यांसाठी ठरलेला रंगांचा पल्ला) पूर्ण दाखवणारा आयपीएस मॉनिटर, आणि कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून बरोबर करणारं यंत्र) चार मित्रांत मिळून एक. तो लावताना पडदा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० कँडेलाच्या (प्रति चौरस मीटर) आसपास ठेवा. पडदा फार उजळ ठेवून एडिट केलं की छापलेले फोटो काळे येतात, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला आणि लॅबला लागतो.

चौथी पायरी: यादी छोटी करा

पाच-सहा नावं डोळ्यांसमोर ठेवली की पुरे.

नुकता कॅमेरा घेतला असेल तर एक पैसाही खर्च करू नका. कॅनन असेल तर डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉन असेल तर एनएक्स स्टुडिओ, सोनी असेल तर इमेजिंग एज डेस्कटॉप. ही कंपन्यांची आपली, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. मंद चालतात, पण रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तसाच देतात. रॉ म्हणजे काय हे शिकायला सहा महिने तीच वापरा. फोनवर स्नॅपसीड.

महिन्याला चार-पाच लग्नं करणाऱ्याला मी लाइटरूम क्लासिकच सुचवेन. निवड, टॅग, दुरुस्ती, एकाची दुसऱ्यावर नक्कल, अल्बमसाठी फाइल काढणं, सगळं एका छपराखाली, आणि अडलं तर शेजारच्या गावात तरी कुणीतरी वापरणारा भेटतोच. फक्त नावाचा घोळ समजून घ्या. २०१७ पासून ‘लाइटरूम’ या नावाने क्लाउडवर चालणारं वेगळं सॉफ्टवेअर आहे, आणि जुनं, आपल्या डिस्कवर चालणारं, ते ‘क्लासिक’. एका लग्नाचे १,५०० रॉ, प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे ४५ जीबी. २० एमबीपीएसच्या अपलोडने ते वर चढायला सलग ५ तास लागतात. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी वीज तीनदा जाते तेव्हा हे ५ तास कसे जातात, ते आपल्याला सांगायला नको. मोठ्या कामासाठी क्लासिक. फिरतीवर फोनमधून काम करणाऱ्यासाठी क्लाउडवालं.

हॉटेलांचं जेवण, दागिने, कपडे अशी टेबलावरची कामं करणाऱ्यांनी कॅप्चर वन बघावं. केबल लावून कॅमेरा लॅपटॉपला जोडला की फोटो थेट पडद्यावर येतो, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बोलू शकतं. या कामात त्याची बरोबरी करणारं दुसरं मी वापरलेलं नाही.

डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, मुक्त स्रोत आहेत, लिनक्सवरही चालतात. डार्कटेबलबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पहिल्या आठवड्यात ते माणसाला घाबरवतं. मॉड्यूलांची रांगच्या रांग समोर येते. सुरुवातीला फक्त सहा उघडा: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, कलर बॅलन्स आरजीबी, प्रोफाइल्ड डीनॉइझ, लेन्स करेक्शन. बाकीच्यांना महिनाभर हात लावू नका. निसर्गाचे, देवळांचे, सावकाश करायचे फोटो काढणाऱ्याला आणि हप्ता भरायचा नसलेल्याला ते वर्षानुवर्षं पुरेल.

पिक्सेलच्या कामासाठी गिंप फुकट आहे आणि २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात फिल्टर मागाहून बदलता येतात, ही मोठी उणीव भरून निघाली. अ‍ॅफिनिटी कॅन्वाने २०२४ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी फुकट केलं. निवड जलद व्हावी एवढाच प्रश्न असेल, तर सगळं बदलण्याआधी फोटो मेकॅनिक वापरून बघा. ते रॉमध्येच दडलेला तयार जेपेग दाखवतं, म्हणून फोटो पानं उलटावीत तसे पुढे सरकतात. लाइटरूम क्लासिकमध्येही इम्पोर्ट करताना एम्बेडेड प्रीव्ह्यूचा, म्हणजे हाच दडलेला जेपेग दाखवण्याचा, पर्याय निवडता येतो, तो बहुतेकांना माहीतच नसतो.

पाचवी पायरी: चाचणी

चाचणीची मुदत डाउनलोड केल्या दिवसापासून धावू लागते. म्हणून दहा फोटोंचं फोल्डर आधी तयार ठेवा, आणि ज्या आठवड्यात लग्न नाही तो आठवडा निवडा. एका वेळी दोनच सॉफ्टवेअर. पहिले दोन दिवस नुसतं शिकण्यात घालवा, त्या दिवसांचं मत धरू नका. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून दहाही फोटो पूर्ण करा. फाइल काढा, आणि नावं झाकून घरातल्या कुणाला तरी दाखवा. शेवटी त्यातले तीन फोटो छापून घ्या. माझ्या अनुभवात पडद्यावरचे वाद कागदावर बरेचसे मिटतात.

देवनागरीची परीक्षा

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही आणि आपल्याला तिच्याशिवाय चालत नाही. अल्बमच्या पहिल्या पानावर देवाचं नाव येतं, मुंजीच्या पत्रिकेवर येतं, नाटकाच्या फलकावर येतं. सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली अक्षरांची एकच पद्धत) फाँट घेऊन एक ओळ टाइप करा: ‘श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण प्रसन्न’. हिच्यात सगळं आहे. ‘श्री’ एकसंध आली का, ‘र्गा’वरचा रफार जागेवर बसला का, ‘ळ्ळी’ जोडली गेली की मध्ये हलन्त लोंबकळतोय? मग ‘चि. सौ. कां.’ आणि ‘शुभविवाह’ लिहा. ‘वि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे गेली तर समजा की त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही.

गिंपमध्ये हे व्यवस्थित येतं. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ असा पर्याय शोधा. जुन्या आवृत्त्यांत तो निवडल्याशिवाय वेलांट्या जागा सोडतात, आणि लोक फाँटच खराब म्हणून दुसरा शोधत बसतात. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटत, त्यामुळे नवीवर ही ओळ आधी टाइप करा आणि मगच अल्बम सुरू करा. छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. त्यांत अक्षरं कुठेही नीट दिसतात, कारण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात. पण तो मजकूर शोधता येत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर फाँट नसेल तर त्याचा कचरा होतो.

टॅगचीही परीक्षा घ्या. ‘दिवजां’, ‘माटोळी’, ‘पायऱ्या’ असे टॅग देवनागरीत लावा आणि मग शोधा. ‘पायऱ्या’ मुद्दाम सांगितला. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे खाली टिंब असलेला ऱ वापरून, कुठे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. फोनवरून लावलेला टॅग त्यामुळे संगणकावर सापडत नाही. यावर उपाय एकच: टॅगची यादी एकदा तयार करा आणि दर वेळी टाइप न करता त्या यादीतून निवडा. फोल्डर आणि फाइलींची नावं मात्र मी रोमन अक्षरांत ठेवते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. लॅबमधल्या जुन्या यंत्रांवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन उमटलेले मी पाहिले आहेत.

बाहेर पडायची वाट

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री वीज कडाडली, दिवे गेले आणि सकाळी माझ्या संगणकातली एसएसडी उघडेना. फोटो सुरक्षित होते, दोन वेगळ्या डिस्कवर. पण मी फोटोंना पसंतीप्रमाणे दिलेले तारे, लावलेले टॅग, दोन लग्नांचं पूर्ण झालेलं एडिटिंग, हे सगळं सॉफ्टवेअरच्या कॅटलॉग नावाच्या एका फाइलमध्ये होतं. ती फाइल त्या एसएसडीवर होती आणि तिचा बॅकअपही त्याच एसएसडीवर. दोन्ही लग्नं मी पुन्हा पहिल्यापासून केली. नऊ रात्री लागल्या. एका नवरीच्या आजी मधल्या काळात वारल्या. त्यांच्या फोटोवर मी पूर्वी किती जपून हात फिरवला होता ते मला आठवत होतं, पण तो हात जसाच्या तसा पुन्हा आला नाही.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारा: माझं काम हे नेमकं कुठे लिहून ठेवतं? डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल ठेवतं. रॉथेरपी पीपी३, डीएक्सओ डीओपी. कॅप्चर वनमध्ये सेशन पद्धत निवडली तर सूचना त्या कामाच्या फोल्डरमध्येच राहतात. लाइटरूम क्लासिक सगळं कॅटलॉगमध्ये ठेवतं. कॅटलॉग सेटिंगमधल्या मेटाडेटा विभागात ‘बदल आपोआप एक्सएमपीत लिहा’ अशा अर्थाची खूण आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते. तरीही कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या नोंदी) एक्सएमपीत जात नाहीत, त्यामुळे कॅटलॉगचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

आता चाचणीतच बाहेर पडून बघा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पाच फोटोंना तारे आणि टॅग लावा, दोन एडिट करा. मग ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तारे आणि टॅग एक्सएमपीतून सहसा येतात, न आले तर ते गंभीर समजा. एडिट मात्र जसंच्या तसं येत नाही, आणि ते येईल अशी आशा कुणी दाखवली तर धरू नका. एकाच्या ‘सावल्या +४०’चा दुसऱ्याच्या लेखी अर्थच वेगळा. त्यामुळे ज्या फोटोंवर जीव लावून काम केलं असेल त्यांची १६ बिटची टिफ फाइल काढून ठेवा. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची टिफ साधारण १४४ एमबीची होते, म्हणून सगळ्यांची नको. लग्नामागे वीस-पंचवीस पुरेत. बाकीच्यांचे पूर्ण आकाराचे जेपेग.

हप्ता बंद केल्यावर काय उरतं, तेही विचारा. लाइटरूम क्लासिक वर्गणी संपल्यावरही उघडतं, फोटो बघता आणि बाहेर काढता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो. हे मला स्वीकारण्यासारखं वाटतं. कुलूपच पडणार असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

पैसे

मासिक हप्ता ६० ने गुणा, म्हणजे पाच वर्षांचा आकडा मिळेल. एकदाच विकत घ्यायचं असेल तर त्या किमतीत पाच वर्षांतली दोन अपग्रेड धरा, कारण नवा कॅमेरा घेतला की जुनी आवृत्ती त्याची रॉ फाइल पुष्कळदा वाचत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरपुढे शिकण्याचे दिवस मांडा. आणि कुठलंही घेतलं तरी डिस्कचा खर्च वेगळा: लग्नामागे ४५ जीबी आणि वर्षाला २५ लग्नं धरली तर १ टीबीपेक्षा जास्त, तेही तीन प्रतींत, दोन घरी आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. चोरट्या प्रतींबद्दल एवढंच सांगते की त्यांच्यासोबत येणारा व्हायरस गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो घेऊन जाऊ शकतो, आणि ते फोटो आपले नसतात.

बदल कधी करावा

निर्णय झाला की घाई करू नका. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर कामांचा धडाका सुरू होतो, त्या दिवसांत नव्या सॉफ्टवेअरवर शिकायला बसणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकणं. आषाढ-श्रावणात, पाऊस दाराशी उभा असताना, एक जुनं, गिऱ्हाइकाला देऊन झालेलं लग्न घ्या आणि ते कार्डापासून अल्बमपर्यंत नव्यावर पुन्हा करा. जुन्यातले फोटो नव्यात ओढायचा खटाटोप करू नका. जुनं काम जुन्यात राहू द्या, नवं काम एका ठरलेल्या तारखेपासून नव्यात सुरू करा, आणि ती तारीख डिस्कवर पेनाने लिहून ठेवा. जुनं सॉफ्टवेअर निदान एक वर्ष संगणकावरून काढू नका, कुणीतरी गेल्या वर्षीच्या बारशाचा फोटो मोठा करून मागायला येतंच.

ते दहा फोटोंचं फोल्डरही जपून ठेवा. सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती आली की माझी माटोळी पुन्हा उघडते, घड्याळ लावते, आणि वेळ वहीत मागच्या नोंदीखाली लिहिते.